गर्भस्थ शिशूचे श्रवण व भाषापरिचय

मातेच्या उदरात असताना गर्भाला ऐकू येणारे आवाज, त्यांतून त्याला होणारी मानवी स्वराची ओळख आणि ह्या ओळखीचा जन्मानंतरच्या भाषाग्रहणाशी असलेला संबंध, हा शरीरक्रियाविज्ञान, बालमानसशास्त्र व भाषाविज्ञान ह्या तिन्ही शास्त्रांचा समाईक विषय आहे. गर्भावस्थेच्या अखेरच्या सु. तीन महिन्यांत गर्भ ऐकू शकतो, ऐकलेले काही काळ धारण करू शकतो आणि जन्मल्यावर ते ओळखू शकतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मात्र तो शब्द किंवा त्यांचे अर्थ शिकत नाही. त्याच्या परिचयाचा होतो तो मातेचा आवाज आणि तिच्या बोलण्यातील चढउतार, लय व ठेका. मराठीत ज्याला ‘हेल’ म्हणतात, भाषेच्या त्या अंगाची ओळख मुलाला सर्वांत आधी होते. महाराष्ट्रात हा विषय ‘गर्भसंस्कार’ ह्या नावाने घरोघरी पोहोचलेला असल्यामुळे, काय सिद्ध झाले आहे आणि काय झालेले नाही, ह्यांतील सीमारेषा स्पष्ट असणे आवश्यक ठरते.

पारंपरिक कल्पना : गर्भ ऐकतो व शिकतो ही कल्पना भारतात जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्र मातेच्या उदरातूनच पित्याच्या अध्ययनातील दोष दाखवितो आणि त्यापायी शाप भोगतो. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात नारदाने कयाधूला केलेला उपदेश गर्भस्थ प्रल्हाद ग्रहण करतो. सर्वांत लोकप्रिय दाखला अभिमन्यूचा दिला जातो. तथापि महाभारताच्या द्रोणपर्वात चक्रव्यूहात शिरण्याची विद्या आपल्याला पित्याने शिकविली, बाहेर पडण्याची नाही, एवढेच तो सांगतो. सुभद्रेच्या उदरात असताना त्याने ती ऐकली आणि तिला झोप लागल्यामुळे ती अपुरी राहिली, ही सर्वपरिचित कथा तेथे नाही. ती नंतरच्या कथनपरंपरेतील असून तिच्या काही रूपांत कथन करणारा अर्जुन, तर काहींत श्रीकृष्ण असतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या ठायी पाचव्या महिन्यात मन व सहाव्या महिन्यात बुद्धी जागृत होते, असे म्हटले आहे. गृह्यसूत्रांतील सीमंतोन्नयन ह्या संस्कारात वीणावादकांकडून गायन करविण्याचा विधी आढळतो. त्याचा हेतू मात्र गर्भाला शिक्षण देणे हा नसून गर्भिणीचे व गर्भाचे रक्षण व मंगल साधणे हा होता. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील जन्मदुःखाच्या वर्णनात तर गर्भवासातील ज्ञान जन्मताच लोपते, अशी उलट धारणा दिसते. ह्या सर्व कथा व वचने आधुनिक अर्थाने पुरावा ठरत नाहीत. भांडे पडले किंवा तोफ उडाली की पोटातले मूल दचकते, हा गर्भवतींचा नित्याचा अनुभव त्यांच्या मुळाशी असावा.

श्रवणेंद्रियाची वाढ : बाह्यकर्ण, मध्यकर्ण व अंतर्कर्ण ह्यांची जडणघडण गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. अंतर्कर्णातील शंखाकृती नलिका म्हणजे कर्णावर्त. ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करण्याचे काम तेथे होते. शेवटच्या ऋतुस्रावापासून मोजल्यास सु. विसाव्या आठवड्यापर्यंत त्याचा आकार बराचसा पूर्ण होतो. तथापि त्यातील केशकोशिका आणि मेंदूकडे जाणारे मज्जामार्ग कार्यक्षम व्हावयास आणखी काही आठवडे लागतात. बेलफास्ट येथील पीटर हेपर व शाहिदुल्ला ह्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ध्वनीला गर्भाने हालचालीने दिलेला सर्वांत आधीचा प्रतिसाद एकोणिसाव्या आठवड्यात मिळाला आणि तोही ५०० हर्ट्‌झ कंप्रतेच्या खालच्या सुराला. सत्ताविसाव्या आठवड्यात बहुतेक सर्व गर्भ २५० व ५०० हर्ट्‌झच्या सुरांना प्रतिसाद देऊ लागले. १,००० व ३,००० हर्ट्‌झच्या सुरांना मात्र सर्व गर्भांचा प्रतिसाद तेहतीस ते पस्तीस आठवड्यांपर्यंत मिळाला नाही. म्हणजे श्रवणाचे दार एकदम उघडत नाही. ते खालच्या सुरांकडून वरच्या सुरांकडे हळूहळू उघडत जाते. १९८३ मध्ये बर्नहोल्ट्स व बेनासेराफ ह्यांनी श्राव्यातीत ध्वनिचित्रणाच्या साहाय्याने असे पाहिले की, मातेच्या पोटावर ध्वनिकंपक टेकविला असता गर्भ पापण्या घट्ट मिटतो. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून ही क्रिया काही गर्भांत दिसू लागते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर ती निरपवाद होते. तेथे ती आढळली नाही तर श्रवणदोषाची शंका घेण्यास जागा असते.

गर्भाच्या मध्यकर्णात हवा नसते, द्रव असतो. त्यामुळे आपल्याप्रमाणे कर्णपटलाच्या कंपनांतून ऐकण्यापेक्षा गर्भजलातून कवटीच्या हाडांत व तेथून अंतर्कर्णात पोहोचणाऱ्या कंपनांतून तो मुख्यतः ऐकतो, असे मानले जाते.

गर्भाशयातील ध्वनिपरिसर : नवजात मूल काही काळ बहिरेच असते, असा समज एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वैद्यांचा होता. १९२५ मध्ये जर्मन बालरोगतज्ञ आल्ब्रेख्ट पायपर ह्याने गर्भवतीजवळ मोटारीचा भोंगा वाजवून गर्भाच्या हालचाली नोंदविल्या आणि गर्भ ऐकतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला. पुढे गर्भाशयात ध्वनिग्राहक सोडून मुद्रणे करण्यात आली, तेव्हा प्रारंभी रक्तप्रवाहाच्या घोंघाटाखाली बोलणे बुडून जात असावे, असे वाटले. जलध्वनिग्राहक वापरात आल्यावर हा निष्कर्ष बदलला. १९८० मध्ये आर्मिटेज व त्याच्या सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांच्या गर्भाशयात असे ग्राहक बसवून बाहेरचे बोलणे आत पोहोचते हे दाखविले. फ्रान्समधील केर्लेऊ ह्याच्या गटाने त्याच दशकात प्रसूतीच्या वेळी स्त्रियांत अशी मुद्रणे केली. हृदयाचे ठोके, रक्तप्रवाह व आतड्यांची गुरगुर ह्यांचा आवाज बहुतांशी अगदी खालच्या कंप्रतांचा असल्यामुळे मानवी आवाज त्यावर उठून दिसतो, असे त्यांतून आढळले.

मातेचा आवाज इतर सर्व आवाजांहून वेगळा ठरतो. इतरांचा आवाज हवेतून पोटाच्या भिंतीवर येतो व आत जाताना क्षीण होतो. मातेचा आवाज हवेबरोबरच तिच्या पाठीच्या कण्यातून व शरीराच्या ऊतकांतूनही उतरतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत तो बाहेर असतो त्यापेक्षा आत सु. ५ डेसिबेलने अधिक भरला, तर बाहेरच्या पुरुषांचे व स्त्रियांचे आवाज दोन-तीन डेसिबेलने उणे भरले. शिवाय ती बोलते तेव्हा छातीचा पडदा हलतो, श्वासाची लय बदलते आणि गर्भाला ध्वनीबरोबर हालचालही जाणवते. दिवसाकाठी सर्वाधिक वेळा ऐकू येणारा आवाजही तिचाच असतो.

पोटाची भिंत व गर्भजल मिळून एक चाळण बनते. खालचे सूर तिच्यातून जवळजवळ तसेच जातात, वरच्या सुरांची तीव्रता घटत जाते. मराठी वाक्यावर ह्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘स’ व ‘श’ ह्यांच्या घर्षणातील ऊर्जा मुख्यतः ३,००० हर्ट्‌झच्या वर असते. म्हणून ‘साल’ व ‘शाल’ ह्यांतील भेद आत जवळजवळ उरत नाही. महाप्राण वर्णांतील श्वासाचा झोत, किंवा ‘चमचा’ ह्यातील दंत्य ‘च’ आणि ‘चिमणी’ ह्यातील तालव्य ‘च’ ह्यांतील फरक, ह्यांचीही तीच गत. स्वरांचे थोडे वेगळे आहे. ‘इ’ व ‘उ’ ह्यांचा पहिला अनुनाद-पट्टा सु. ३०० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे सारखाच असतो. त्यांना वेगळे करणारा दुसरा पट्टा ‘इ’च्या बाबतीत २,००० हर्ट्‌झच्या वर असल्यामुळे दबतो. त्यामुळे ‘तिला’ व ‘तुला’ आत बरेचसे सारखे ऐकू येणार. ‘आ’ मात्र पहिल्या पट्ट्याच्या उंचीमुळे ह्या दोहोंपासून सहज निराळा राहणार. उलट ‘तू येतोस’ हे विधान आणि ‘तू येतोस?’ हा प्रश्न ह्यांतील फरक आवाजाच्या मूळ सुराचा आहे. स्त्रीच्या बोलण्यात तो सूर सु. २०० हर्ट्‌झच्या आसपास खेळतो व चाळणीतून सुखरूप पार होतो. थोडक्यात, व्यंजनांचा तपशील बाहेर राहतो आणि वाक्याची चाल आत जाते. गर्भाशयात मुद्रित केलेल्या बोलण्यातील काही शब्द प्रौढ श्रोत्यांना ओळखू येतात हे खरे. परंतु त्यांना ती भाषा आधीच अवगत असल्यामुळे गाळलेल्या जागा ते मनाने भरतात. गर्भाला ती सोय नसते.

नवजाताला प्रश्न कसा विचारावा : ह्या क्षेत्रातील प्रगती एका साध्या युक्तीवर उभी आहे. नवजात मुलाला बोलता येत नाही, मान सावरता येत नाही. पण चोखता उत्तम येते. दूध न येणारे, दाबमापकाला जोडलेले बोंडले त्याच्या तोंडात देऊन चोखण्याच्या गतीनुसार कानावर वेगवेगळे आवाज पडतील अशी योजना केली, तर मूल कोणता आवाज मिळविण्यासाठी आपली गती बदलते, हे मोजता येते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील शाखेत अँटनी डीकॅस्पर व विल्यम फायफर ह्यांनी १९८० मध्ये ही पद्धती दहा नवजात मुलांवर योजली. जन्मापासून मातेचा सहवास फार तर बारा तास मिळालेल्या ह्या मुलांपैकी आठ जणांनी आपल्या मातेचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने चोखण्याची लय बदलली. दुसरी स्त्री तेच वाचन करीत असूनही तिच्या आवाजाकडे त्यांचा कल झुकला नाही. पित्याच्या आवाजाबाबत हाच प्रयोग १९८४ मध्ये केला, तेव्हा दोन पुरुषांचे आवाज मुलांना वेगळे ओळखता आले. परंतु पित्याच्या आवाजाला त्यांनी अधिक पसंती दिली नाही.

ही आवड गर्भावस्थेतील आहे की जन्मानंतरच्या काही तासांतील, ही शंका डीकॅस्पर व मेलानी स्पेन्स ह्यांच्या १९८६ च्या प्रयोगाने दूर केली. गर्भवतींनी अखेरचे सहा आठवडे ठरावीक गोष्ट दररोज दोनदा मोठ्याने वाचली. जन्मल्यावर त्यांच्या मुलांनी न ऐकलेल्या गोष्टीपेक्षा ती गोष्ट पसंत केली. वाचणारी स्त्री परकी असली, तरीही. आवाज बदलूनही गोष्ट ओळखली गेली, ह्याचा अर्थ तिच्या वाक्यांचा ठेका मुलांच्या लक्षात राहिला होता.

ह्या प्रयोगासारखी परिस्थिती महाराष्ट्रातील खेड्यांत एके काळी आपोआपच घडत असे. पहाटे जात्यावर दळताना स्त्रिया ओव्या गात. ठरावीक चालीतील, रोजच्या रोज पुनरावृत्त होणारा, दळणाच्या हालचालीशी जुळलेला मातेचा स्वर गर्भाच्या वाट्याला येई. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ ह्यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते, ह्यावरून ह्या गायनाची व्याप्ती ध्यानी यावी. गिरण्या आल्या आणि हा स्वर घरातून गेला.

जन्मापूर्वीच थेट निरीक्षण करण्याचा मार्ग हृदयाच्या ठोक्यांचा. कॅनडातील बार्बरा किसिलेव्हस्की व तिचे चिनी सहकारी ह्यांनी २००३ मध्ये पूर्ण दिवस भरलेल्या ६० गर्भांना मातेने अथवा परक्या स्त्रीने वाचलेली कविता ऐकविली. मातेच्या आवाजाने ठोके वाढले, परक्या आवाजाने ते मंदावले. दोन्ही वेळी आवाज ध्वनिमुद्रित व बाहेरूनच आलेला होता, म्हणून हा फरक केवळ शरीरातून येणाऱ्या कंपनांचा नव्हे, ओळखीचा आहे.

भाषेची ओळख : व्यक्तीचा आवाज ओळखणे वेगळे आणि भाषा ओळखणे वेगळे. झाक मेलर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले की, चार दिवसांची फ्रेंच मुले फ्रेंच व रशियन ह्या भाषांतील फरक जाणतात. एकच द्विभाषिक स्त्री दोन्ही भाषा बोलत असल्यामुळे आवाजाचा प्रश्न उरला नाही. आणि वरच्या कंप्रता गाळून बोलणे गर्भाशयातल्यासारखे केले, तरी फरक ओळखला गेला. १९९३ मध्ये मून, कूपर व फायफर ह्यांना दोन दिवसांच्या मुलांत मातेच्या भाषेची पसंती आढळली. इंग्रजी मातांची मुले इंग्रजीकडे, स्पॅनिश मातांची स्पॅनिशकडे वळली. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात उताको मिनाई हिच्या गटाने २०१७ मध्ये हाच शोध जन्मापूर्वीपर्यंत मागे नेला. हृदयाचे चुंबकीय आलेखन करून त्यांनी पाहिले की, इंग्रजीनंतर जपानी सुरू होताच इंग्रजीभाषक मातांच्या उदरातील गर्भांच्या हृदयगतीत बदल होतो.

ह्या भेदाचा पाया भाषांच्या लयीत आहे. इंग्रजी, जर्मन, रशियन ह्यांत आघातयुक्त अक्षरे लांबतात व इतर आखडतात. फ्रेंच वा स्पॅनिशमध्ये अक्षरे तुलनेने सारख्या अंतराने येतात. जपानीत मात्रांचा हिशेब असतो. मराठीत इंग्रजीसारखा बळकट आघात नाही. तिची लय अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घतेवर व वाक्याच्या सुरावलीवर उभी आहे. दोन भाषा एकाच लयवर्गातील असतील, तर त्यांतील भेद ओळखणे नवजाताला कठीण जाते.

भाषेची छाप केवळ ऐकण्यात नव्हे, रडण्यातही दिसते. जर्मनीतील व्ह्युर्त्सबुर्ख येथील काथलीन व्हेर्म्के, बिर्गिट माम्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच व ३० जर्मन नवजातांच्या रडण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. फ्रेंच मुलांच्या रडण्यात सूर बहुधा खालून वर चढत होता, जर्मन मुलांच्या रडण्यात तो वरून खाली उतरत होता, आणि त्या त्या भाषेतील शब्दांची सुरावलीही तशीच असते. सुरभेदाने अर्थभेद होणाऱ्या चिनी व कॅमेरूनमधील लामन्सो भाषांच्या परिसरातील मुलांच्या रडण्यात चढउतार अधिक आढळले. फरक सरासरीचा असल्याने एकट्या मुलाचे रडणे ऐकून त्याची भाषा सांगता येत नाही.

स्वरांच्या पातळीवरही थोडीफार ओळख होते, असे दोन शोधांवरून दिसते. मून, लॅगरक्रांट्स व कूल ह्यांनी २०१३ मध्ये टकोमा (अमेरिका) व स्टॉकहोम येथील प्रत्येकी ४० नवजातांना इंग्रजी व स्वीडिश स्वर ऐकविले; दोन्हीकडच्या मुलांनी परक्या भाषेतील स्वरांना अधिक चोखून प्रतिसाद दिला, जणू घरचे स्वर त्यांना जुने झाले होते. त्याच वर्षी हेल्सिंकीतील पार्टानेन व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘ताताता’ असा निरर्थक शब्द एकोणतिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून अनेकदा गर्भांना ऐकविला, मधूनमधून त्याच्या मधल्या अक्षराचा सूर बदलला आणि जन्मानंतर मेंदूचे विद्युत् आलेखन केले. हा शब्द ऐकलेल्या मुलांच्या मेंदूने बदलाची नोंद इतरांहून ठळकपणे घेतली. पुढे २०२३ मध्ये पादुआ येथील बेनेडेत्ता मारियानी, ज्युडिट जेर्वेन इत्यादींनी फ्रेंच मातांच्या ३३ नवजातांच्या मेंदूतील लहरी तपासल्या. फ्रेंच ऐकून झाल्यावर त्या लहरींत दीर्घकालीन सुसंगती वाढली. स्पॅनिश व इंग्रजी ऐकल्यावर तसे झाले नाही.

बहुभाषिक घर व माहेरचे बाळंतपण : महाराष्ट्रातील परिस्थिती वरील प्रयोगांतील एकभाषिक घरांसारखी क्वचितच असते. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील सुकापूर हे नवीन पनवेलला लागून असलेले गाव ह्याचे चांगले उदाहरण होय. ह्या भागात पूर्वापार आगरी बोली नांदते. सिडकोने वसविलेल्या नगरांच्या वाढीबरोबर घाटावरची, कोकणातली, विदर्भातली कुटुंबे आणि हिंदी, गुजराती वा दक्षिणी भाषा बोलणारी माणसे शेजारी आली. आगरीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते व ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. हा भेद गर्भाशयाच्या चाळणीत हरवेल. पण आगरीचा हेल आणि सातारकडचा हेल ह्यांतील अंतर हरवणार नाही. अशा घरातील मुलाचा गोंधळ होईल, ही भीती निराधार आहे. बायर्स-हाइनलाइन, बर्न्स व वर्कर ह्यांनी २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे इंग्रजी व तागालोग अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात मुले अभ्यासिली. त्यांनी दोन्ही भाषांत सारखाच रस दाखविला आणि तरीही त्या परस्परांपासून वेगळ्या ओळखल्या. शेजाऱ्याच्या भिंतीआडून येणाऱ्या भाषेला मात्र तेवढे महत्त्व नाही. माता स्वतः जी बोलते तीच मुख्य.

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी जाण्याची चाल महाराष्ट्रात रूढ आहे. ह्याच सुमारास डोहाळजेवणही होते. नेमक्या ह्याच काळात गर्भाचे श्रवण भरात येत असते. त्यामुळे पुष्कळ मराठी मुलांच्या कानी जन्मापूर्वी मातेखालोखाल पडतात ते आजीचे, मावशीचे व मामाचे आवाज. पित्याचा आवाज अधूनमधून. सासरी राहून प्रमाण भाषेकडे झुकलेली तरुणी माहेरी परतताच नकळत आपल्या मूळ हेलावर येते, हे नित्य दिसणारे आहे. तेव्हा मुलाला प्रथम परिचय होतो तो पुष्कळदा मातेच्या माहेरच्या बोलीच्या चालीचा. पित्याच्या दृष्टीने ह्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. त्याच्या आवाजाची पसंती जन्मतः आढळत नाही आणि जन्मानंतरच्या सहवासाने ओळख वाढतच जाते.

स्मृतीची मर्यादा : गर्भावस्थेत ऐकलेले किती काळ टिकते? एका दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत गर्भवती नियमाने ऐकत असत. त्यांची मुले जन्मानंतर दोन-चार दिवसांत ते संगीत ओळखीत, परंतु एकवीस दिवसांची झाल्यावर ही ओळख दिसली नाही, असे हेपर ह्याला आढळले. हेल्सिंकीतील दुसऱ्या एका प्रयोगात गर्भावस्थेत ऐकविलेल्या बालगीताची खूण मेंदूच्या आलेखात चार महिन्यांपर्यंत मिळाली. नेदरलँड्‌समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांचा २०१७ मधील अभ्यास अधिक लक्षणीय आहे. मोठेपणी कोरियन वर्णभेद नव्याने शिकताना ही माणसे इतर डच लोकांपेक्षा सरस ठरली आणि वयाच्या सहा महिन्यांच्या आत देशाबाहेर गेलेली माणसे नंतर गेलेल्यांपेक्षा मागे नव्हती. जाणिवेत काही उरले नसले, तरी ठसा राहू शकतो असे ह्यावरून दिसते. तो कितपत जन्मापूर्वीचा व कितपत नंतरचा, हे मात्र ह्या अभ्यासावरून वेगळे करता येत नाही.

गर्भसंस्काराचे दावे : गर्भाधान, पुंसवन व सीमंतोन्नयन ह्या धर्मशास्त्रोक्त संस्कारांना मिळून असलेली ‘गर्भसंस्कार’ ही संज्ञा अलीकडच्या काळात पुस्तके, ध्वनिमुद्रिका व वर्ग ह्यांच्याद्वारे नव्या अर्थाने रूढ झाली. बालाजी तांबे (मृ. २०२१) ह्यांच्या आयुर्वेदीय गर्भसंस्कार ह्या ग्रंथाने तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. गर्भवतीला विश्रांती, समतोल आहार, प्रसन्न संगीत व घरच्यांची आस्था मिळावी, हा त्यातील भाग कोणीही मान्य करील. पण विशिष्ट मंत्र वा राग ऐकविल्याने मूल अधिक बुद्धिमान, गुणी किंवा तेजस्वी होते, ह्या दाव्याला वर वर्णिलेल्या प्रयोगांचा आधार नाही. त्या प्रयोगांत गर्भाने ओळख दाखविली, बुद्धी नव्हे. आणि ती ओळख गीर्वाणवाणीची असो वा बाजारातील घासाघिशीची, सारख्याच प्रकारे होते. ‘मोझार्ट परिणाम’ म्हणून गाजलेला १९९३ मधील प्रयोग तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता व त्याचा परिणाम काही मिनिटेच टिकला. तो मुलांना, पुढे गर्भाला लावण्यात आला, हे काम प्रचाराचे.

ह्या दाव्यांनी होणारे नुकसान पैशापुरते नसते. मूल मंद निघाले, उशिरा बोलू लागले, तर ‘पोटात असताना तू ऐकले नाहीस’ असा बोल स्त्रीच्या माथी येतो. त्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. पोटावर ध्वनिक्षेपक बांधणेही अनुचित; गर्भ बहुतेक वेळ झोपेत असतो आणि ध्वनिस्रोत त्वचेला टेकला म्हणजे आत जाणाऱ्या आवाजाची तीव्रता नियंत्रित राहत नाही. त्यापेक्षा मातेचे रोजचे बोलणे, हसणे, गुणगुणणे पुरेसे आहे.

गोंगाट, अपुऱ्या दिवसांचे मूल व बहिरेपणा : खालचे सूर आत सहज शिरतात, हेच गोंगाटाच्या बाबतीत घातक ठरते. स्वीडनमध्ये सु. १४ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, गरोदरपणी ८५ डेसिबेलहून अधिक गोंगाटात पूर्ण वेळ काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांत श्रवणदोषाचे प्रमाण वाढते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज सहसा ९० डेसिबेलच्या पुढे असतो. तेथे स्त्रीने कानांत बोळे घातले, तर तिचे कान वाचतात, गर्भाचे नाही. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. मिरवणुकीतील ध्वनिभिंती तिच्या कित्येक पट पुढे जातात.

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलाला मातेच्या गाळीव आवाजाऐवजी अतिदक्षता विभागातील यंत्रांचा उघडा आवाज मिळतो. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांत जन्मलेल्या अशा मुलांचा मेंदूही ‘बा’ व ‘गा’ ह्यांत भेद करतो, हे २०१३ मध्ये फ्रान्समध्ये दिसून आले. बॉस्टन येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंचवीस ते बत्तीस आठवड्यांत जन्मलेल्या मुलांना दररोज तीन तास मातेचा आवाज व तिच्या हृदयाचे ठोके ऐकविण्यात आले. महिन्याभराने त्यांच्या मेंदूतील श्रवणक्षेत्र इतर मुलांपेक्षा मोठे आढळले. मुलाला मातेच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीत ऊब व स्तनपान ह्यांबरोबर हा आवाजही मिळतो.

जन्मतः बहिऱ्या मुलाला गर्भावस्थेतील हा सारा परिचय लाभत नाही. गरोदरपणी झालेला रुबेला, आनुवंशिक दोष, अपुऱ्या दिवसांचा जन्म व तीव्र कावीळ ही बहिरेपणाची प्रमुख कारणे होत. असे मूल इतर मुलांसारखेच रडते व काही महिने तसेच हुंकार काढते, म्हणून घरच्यांच्या लक्षात दोष येत नाही. ते बोलत का नाही, ही चौकशी पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होते, तोवर भाषाग्रहणाचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. कर्णावर्तातून उमटणारे सूक्ष्म प्रतिध्वनी मोजण्याची, न टोचता काही मिनिटांत होणारी तपासणी जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करता येते. पहिल्या महिन्यात ही तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य उपाय, असा क्रम तज्ञांनी ठरविला आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण ह्यांच्या दोषांवरील निदान, उपचार व प्रशिक्षणाचे काम करते. देशात २००६ पासून बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जातो. मुलींना लहानपणीच मिळणाऱ्या गोवर-रुबेला लसीमुळे त्यांच्या भावी अपत्यांतील बहिरेपणाचे एक कारण टळते.